भाषण संपल्यानंतर



डिसेंबर उजाडला की आपल्या संघटनांकडे महाविद्यालयांची आमंत्रणे यायला लागतात. पूर्वी ती लेटरहेडवर टाइप होऊन पोस्टाने येत, आता मोबाइलवर येतात, एवढाच फरक. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला युवा दिन, त्याच सुमारास राष्ट्रीय सेवा योजनेची खेड्यातली शिबिरे आणि मग ८ मार्च. मजकूर बहुधा सारखाच असतो : आपल्या कार्यातून विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळावी, त्यांच्यात सेवाभाव व नेतृत्वगुण रुजावेत, म्हणून प्रमुख पाहुण्या म्हणून आपण यावे.

आपण जातो. जायलाच हवे, असे माझे मत आहे. तरीही या तीन-चार महिन्यांत आपल्यातल्या अनेकजणी गावोगाव जे बोलून येतात, त्याचे पुढे काय होते, 'सेवा' आणि 'नेतृत्व' या दोन शब्दांतून मुलींच्या हाती नेमके काय पडते, याचा विचार आपण एकत्र बसून फारसा केलेला नाही. या अंकाच्या निमित्ताने तो करावा असे वाटते.

आधी भाषणांच्या बाजूने बोलते. एका भाषणाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांना मला महाडची आठवण करून द्यावीशी वाटते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले. ते ऐकून स्त्रियांनी लुगडे नेसण्याची, जातीची खूण म्हणून लादलेली पद्धत तिथल्या तिथे बदलली. भाषणाचा इतका रोकडा परिणाम क्वचितच कुठे नोंदला गेला असेल. पण गोष्ट तिथे संपत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, मुलींसाठी वसतिगृहे, असे ठराव तिथे स्त्रियांनीच मांडले आणि मंजूर केले. बाबासाहेब त्या परिषदेतही बोलले. पण महाड आणि नागपूर यांच्यामधल्या पंधरा वर्षांत ऐकणाऱ्या बायकांमधून बोलणाऱ्या, ठराव लिहिणाऱ्या, सभा चालवणाऱ्या बायका तयार झाल्या होत्या. हा इतिहास आपल्यापर्यंत पोचला तोसुद्धा ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघीजणी गावोगाव फिरून त्या वृद्ध कार्यकर्त्यांना भेटल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध झाले म्हणून.

तेव्हा भाषणाची कसोटी टाळ्यांत नाही. ऐकणाऱ्यांपैकी किती जणी पुढे बोलत्या झाल्या, यात ती आहे. या कसोटीवर आज महाविद्यालयांतले आपले कार्यक्रम तपासून पाहू.

कार्यक्रमाचे स्वरूप आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. दारात मुली नऊवारी नेसून, ताटात निरांजन घेऊन उभ्या असतात. स्वागतगीत मुली म्हणतात. रांगोळी मुलींची, फलकलेखन मुलीचे, पुष्पगुच्छ आणून देणारी मुलगी, आणि आभारप्रदर्शनही बहुतेक वेळा मुलीकडे. प्रास्ताविक सर करतात. अध्यक्षीय समारोप संस्थेचे पदाधिकारी करतात आणि तो पाहुणीच्या भाषणापेक्षा लांबतो. विषय असतो 'स्त्री-नेतृत्व'. व्यासपीठावरच्या सात खुर्च्यांपैकी दोन बायकांच्या असतात, त्यातली एक पाहुणीची. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. उरलाच तर मुली माना खाली घालतात. कारण शेवटच्या एसटीची वेळ झालेली असते, किंवा वसतिगृहाचे फाटक बंद व्हायला आलेले असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले, ही चांगलीच गोष्ट. पण संध्याकाळी सातनंतर गावाकडे जाणारी गाडीच नसेल, तर त्या निम्म्या तिकिटावर सभेला थांबायचे कसे?

म्हणजे नेतृत्वावरचे भाषण सुरू असते तेव्हाच, त्याच सभागृहात, कोणी सजवायचे आणि कोणी बोलायचे याची वाटणी मुलींच्या डोळ्यांसमोर पुन्हा एकदा पक्की केली जात असते. मुली हुशार असतात. त्या भाषणही ऐकतात आणि वाटणीही पाहतात. त्यांच्या लक्षात काय राहत असेल, ते सांगायला नको.

आता 'सेवा' या शब्दाकडे वळू. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, अशी तिची रचना. मला या योजनेबद्दल आस्था आहे. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलींना आईवडिलांशिवाय घराबाहेर सात दिवस राहण्याची आयुष्यातली पहिली संधी याच शिबिराने दिली आहे. आपल्या चळवळीतल्या अनेक कार्यकर्त्या या वाटेने आलेल्या आहेत.

पण शिबिरात गेल्यावर काय दिसते? सकाळी श्रमदान : मुलगे बांध घालतात, मुली घमेली उचलतात. दुपारी बौद्धिक सत्र, म्हणजे पाहुण्यांचे भाषण. संध्याकाळी गावात फेरी आणि रात्री करमणूक. यात स्वयंपाक कोण करते? जिथे आचारी ठेवण्याइतके पैसे नसतात, तिथे स्वयंपाक 'गटागटाने' ठरतो आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींकडे राहतो. गेल्या काही वर्षांत मी गेले त्या शिबिरांपैकी एका ठिकाणी माझे भाषण सुरू असताना चार मुली मागच्या खोलीत पोळ्या लाटत होत्या. विषय होता 'युवतींचा सामाजिक सहभाग'. मी त्यांना बाहेर बोलवायला सांगितले तेव्हा कार्यक्रमाधिकारी मनापासून म्हणाले, "मॅडम, त्यांना त्याची आवड आहे."

घरी पाणी भरणे, धाकट्यांना सांभाळणे, आजीचे पाय चेपणे, शेतात निंदायला जाणे आणि त्यातून वेळ काढून कॉलेज करणे, हे सगळे त्या मुली आधीच करत असतात. 'मी नव्हे, तुम्ही' हे त्यांना लहानपणापासून तोंडपाठ आहे. त्यांच्या आया जन्मभर तेच करत आल्या. अशा मुलींसमोर उभे राहून आपण पुन्हा सेवेची महती सांगतो, तेव्हा त्यांच्या कानावर त्यागाचाच जुना पाठ पडत असतो. मुलग्यासाठी सेवा ही नवी गोष्ट असते. तो खराटा हाती घेतो तेव्हा त्याचा फोटो निघतो. मुलगी रोज खराटा घेते, त्याला सेवा म्हणत नाहीत. म्हणून 'सेवा' हा शब्द महाविद्यालयात उच्चारताना आपण प्रत्येक वेळी विचारले पाहिजे : कोणाची सेवा, कोणी करायची, आणि करणारीला त्या बदल्यात कोणते हक्क?

हक्कांवाचूनच्या सेवेचे काय होते याचे उदाहरण आपल्या चळवळीच्या इतिहासात ठसठशीत आहे. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात भंवरी देवी 'साथिन' म्हणून काम करत होत्या. अतिशय अल्प मानधनावर गावातल्या बायकांपर्यंत सरकारचा कार्यक्रम पोचवायचा, हे त्यांचे काम. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. ज्या कामासाठी सरकारने त्यांना गावात उभे केले, त्या कामात त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांचाच पुढे २०१३ मध्ये कायदा झाला. महाविद्यालयाच्या भिंतीवर आज जो 'अंतर्गत तक्रार समिती'चा फलक दिसतो, त्याच्यामागे एका सेवा करणाऱ्या बाईने मोजलेली किंमत आहे. पाहुणी म्हणून गेल्यावर ही हकिगत मुलींना सांगितलीच पाहिजे. त्याशिवाय तो फलक म्हणजे नुसता फळा.

सेवेतून संघटनेकडे कसे जाता येते याचेही उदाहरण आपल्याकडे आहे, आणि ते विद्यापीठातूनच निघालेले आहे. १९९० च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कचरा वेचणाऱ्या मुलांच्या शिक्षणाच्या कामात होत्या. साक्षरता वर्ग घेणे हे त्यांचे ठरलेले काम. पण त्या मुलांच्या आयांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेल्या. कचरा आधीच वेगळा करून मिळाला तर मिळकत वाढते, हे त्यांनी त्या बायकांबरोबर अनुभवले. पुढचा प्रश्न आला तो असा की या बायका दयेचा विषय आहेत, की शहराचे काम करणाऱ्या कामगार आहेत? १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने अधिवेशन भरले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. ओळखपत्रे आली. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. 'गरिबांच्या मुलांना शिकवा' एवढाच हेतू धरून विभाग थांबला असता, तर चार वर्षे वर्ग चालले असते, एक अहवाल निघाला असता, आणि बायका कुंडीतच राहिल्या असत्या.

तसेच शहाद्याचे. १९७२ च्या आगेमागे शहरांतून शिकलेले तरुण-तरुणी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला आदिवासींच्या जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात गेले. त्यांच्या डोक्यात जमीन होती. पण तिथल्या भिल्ल बायकांनी शिबिरात दारू आणि नवऱ्याची मारहाण हा विषय काढला आणि एकत्र निघून गावोगावची दारूची मडकी फोडली. शिकवायला गेलेले तिथे शिकून आले. विद्यार्थ्यांना प्रेरणा द्यायची तर ती या दिशेने द्यायची : गावाला शहाणे करायला जाऊ नका, गावातल्या बाईला काय म्हणायचे आहे ते ऐकायला जा.

म्हणून माझा पहिला आग्रह वक्त्यांच्या निवडीबद्दल आहे. महाविद्यालयांना यशस्वी स्त्रिया हव्या असतात : स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेली अधिकारी, उद्योजिका, खेळाडू. त्यांचे यश कष्टाचे असते, त्याबद्दल वाद नाही. पण 'मी जिद्दीने करून दाखवले, तुम्हीही कराल' या सांगण्यात एक मेख असते. ज्यांना जमले नाही त्यांची जिद्द कमी पडली, असा त्याचा उलटा अर्थ निघतो. बारावीनंतर जिचे लग्न लावून दिले, जिचे शिक्षण भावाच्या फीसाठी थांबले, तिच्या अपयशाचा दोष तिच्याच माथी बसतो. आपण पाठवायच्या वक्त्या वेगळ्या असाव्यात. आशा कार्यकर्ती, घरेलू कामगारांच्या संघटनेतली बाई, वेचक, अंगणवाडी सेविका, जिने गावात एकटीने घर चालवले आणि ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून भांडली ती. त्या 'प्रेरणादायी' बोलणार नाहीत. मजुरी किती, रजा किती, सभेत कोण बोलू देत नाही, हे बोलतील. विद्यार्थ्यांनी ऐकायचे ते हेच. आणि त्यांना प्राध्यापकांना किंवा वकिलांना देता तेवढेच मानधन आणि प्रवासखर्च द्या. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडालेली असते. 'समाजकार्य आहे, मानधन कसले' हे वाक्य बायकांनाच ऐकवले जाते.

दुसरा मुद्दा नेतृत्वाचा. नेतृत्व हा गुण आहे असे आपल्याला सांगितले जाते. आत्मविश्वास, वक्तृत्व, वेळेचे नियोजन. या विषयांवर शिबिरे भरवणाऱ्या कंपन्याही आता निघाल्या आहेत. चळवळीचा अनुभव वेगळा आहे. नेतृत्व म्हणजे निर्णयाच्या जागी बसण्याचा हक्क, आणि बसवणाऱ्यांना उत्तर देण्याची जबाबदारी. ते भाषणातून येत नाही, ते निवडून येण्यातून आणि निवडून देण्यातून येते.

महाराष्ट्रात आपण विद्यार्थ्यांकडून हीच गोष्ट काढून घेतली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या प्रत्यक्ष निवडणुका बंद होऊन गुणांच्या आधारे विद्यार्थी परिषदा नेमल्या जाऊ लागल्या. निवडणुकांत दांडगाई होती, रक्तही सांडले होते, हे खरे. मुलींना तर त्या काळात प्रचाराच्या गर्दीत उभेही राहवत नसे. पण दांडगाई थांबवण्याऐवजी मतपेटीच उचलून नेली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, २०१९ मध्ये त्या जाहीरही झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. दुसरीकडे, ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत बायकांसाठी एक तृतीयांश जागा आल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे एकवीस वर्षांची मुलगी गावची सरपंच होऊ शकते. पण त्याच मुलीला महाविद्यालयात आपला प्रतिनिधी कोण, हे मत देऊन ठरवायला मिळालेले नसते. तिच्यासमोर नेतृत्वावर तासभर बोलायचे, आणि मतदानाबद्दल अवाक्षर काढायचे नाही?

एक जागा मात्र अशी आहे जिथे नियमानेच निवडणूक सांगितली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ स्त्री-प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, बाहेरच्या संघटनेची एक सदस्य. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन विद्यार्थी-प्रतिनिधी, तेही पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरच्या पदांवरच्या व्यक्तींनी समितीत असता कामा नये. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. या तरतुदी वाचून दाखवल्या की सभागृह एकदम शांत होते, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. कारण आपले प्रतिनिधी कधी निवडले गेले हे मुलींना माहीत नसते. बहुधा ते निवडले गेलेलेच नसतात. 'बाहेरच्या सदस्य' म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणींची नावे अशा समित्यांवर आहेत. आपले नाव फलकावर आहे पण वर्षभरात एकदाही बैठक झाली नाही, असे असेल तर आपण पत्र लिहून विचारले पाहिजे, आणि उत्तर आले नाही तर नाव काढून घेतले पाहिजे. आपली नावे कोणाच्या मूल्यांकनाच्या कागदपत्रांची शोभा वाढवण्यासाठी नाहीत.

हे सगळे का सांगते आहे, त्याला कारण आहे. भाषण संपते, फोटो होतात, चहा होतो, आणि गाडीकडे जाताना एखादी मुलगी मागे मागे येते. इतर सगळे पांगेपर्यंत थांबते. "मॅडम, तुमचा नंबर मिळेल का?" एवढेच म्हणते. हे आपल्यातल्या प्रत्येकीने अनुभवले आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच एका मुलीचा मला आठवड्याने रात्री फोन आला. तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. अंतर्गत गुण ज्याच्या हातात होते त्या माणसाबद्दलची तक्रार होती. समितीच्या फलकावरच्या चार नावांपैकी एक बाई बदलून गेलेल्या होत्या, आणि एकजण त्याच माणसाचे मित्र. घरी सांगितले तर शिक्षण बंद होईल, ही भीती तिला छळापेक्षा मोठी वाटत होती. मी शंभर मैलांवर. त्या तालुक्यात आपल्याच एका मैत्रीण-संघटनेचा गट होता म्हणून दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिला जाऊन भेटल्या, अर्ज लिहिताना जवळ बसल्या, समितीची पुनर्रचना होईपर्यंत महाविद्यालयात खेटे घालत राहिल्या. मुलीने परीक्षा दिली. ती शिकते आहे.

तो गट तिथे नसता तर? आपण सभागृहात सांगतो, 'गप्प बसू नका, बोला.' मुलगी आपल्यावर विश्वास ठेवून बोलते आणि वळून पाहते, तेव्हा शेजारी कोणीही नसते. बोलण्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागते. प्रेरणा दिली आणि पाठबळ दिले नाही, तर त्या प्रेरणेतून धोकाच निर्माण होतो. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यांत गंभीर मुद्दा आहे.

विद्यापीठ आणि चळवळ यांचे नाते किती ताकदीचे असू शकते हे आपण जाणतो. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, तेव्हा सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मुंबईच्या एसएनडीटीत १९७४ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्त्री अभ्यास केंद्रे उभी राहिली, त्यांनी चळवळीला अभ्यास दिला आणि चळवळीकडून प्रश्न घेतले. हे नाते वर्षातून एकदा शाल-श्रीफळ घेऊन येण्याचे नव्हते. ते रोजचे होते.

तेव्हा पुढच्या हंगामाची आमंत्रणे येण्याआधी आपल्या गटांनी पुढील गोष्टींवर चर्चा करावी असे सुचवते.

एक, आमंत्रण स्वीकारताना एकच भाषण न घेता एकाच वर्षात तीन भेटी मागाव्यात. पहिली बोलण्यासाठी, दुसरी फक्त ऐकण्यासाठी, तिसरी ठरलेले काम कुठवर आले ते पाहण्यासाठी. महाविद्यालये नाही म्हणतील. काही हो म्हणतील. पाच ठिकाणी तीनदा जाणे हे पंधरा ठिकाणी एकदा जाण्यापेक्षा मोलाचे आहे.

दोन, जाताना त्या तालुक्यातल्या गटाची एक तरी कार्यकर्ती बरोबर असावी आणि मुलींना नंबर तिचा द्यावा. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता फळ्यावर लिहावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे पदवीच्या वर्गातही ठाऊक नसते.

तीन, भाषणाआधी अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची यादी मागावी आणि विद्यार्थी-प्रतिनिधींची निवड कधी झाली ते विचारावे. हा प्रश्न पत्रातच विचारला तर नुसत्या विचारण्यानेही हालचाल होते.

चार, शिबिरात स्वयंपाक आणि झाडलोट यांची पाळी मुलगे आणि मुली अशी दोघांची असेल, तरच बौद्धिक घेऊ, अशी अट घालावी. वेळेआधी तासभर पोचावे आणि पाहावे.

पाच, मुलग्यांना सभागृहाबाहेर घालवू नये. मुलींशी वेगळे बोलण्यासाठी स्वतंत्र वेळ जरूर मागावी. पण जे मुलग्यांनी ऐकायला हवे ते मुलींनाच सांगत राहिलो, तर बदलण्याची जबाबदारीही मुलींवरच पडते.

सहा, महाविद्यालयात झाडणाऱ्या, कँटीन चालवणाऱ्या, वसतिगृहात राखण करणाऱ्या बायका यांनाही सभेला बसवावे. त्या बहुधा कंत्राटावर असतात आणि २०१३ चा कायदा त्यांनाही लागू आहे.

यातले काही कठीण आहे. आपल्या संघटनांत माणसे कमी, पैसा कमी, खटले आणि मोर्चे यांतून सवड नाही. शिवाय अटी घातल्या तर आमंत्रणे येणे थांबेल आणि ती जागा कोणी दुसरेच घेतील, जे मुलींना मोबाइल कमी वापरा, कपडे नीट घाला, घरच्यांचा विश्वास मोडू नका, एवढेच सांगून जातील, ही भीती काही मैत्रिणींनी बोलून दाखवली आहे. भीती रास्त आहे. म्हणून मी सगळीकडे सगळ्या अटी घाला असे म्हणत नाही. प्रत्येक ठिकाणी किमान एक गोष्ट मागे राहील, हे मात्र पाहू या. कुठे एक निवडणूक, कुठे एक नंबर, कुठे सहा-सात मुलींचा एक गट, जो दर पंधरा दिवसांनी स्वतःच बसेल.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढल्या. त्यातल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माला, पेशवाईला, वरच्या जातींना तिने त्यात थेट प्रश्न विचारले. शाळेत येऊन भाषण करणाऱ्या कुणा पाहुण्याचे नाव आज आपल्याला आठवत नाही. त्या मुलीचे आठवते. शाळेचे यश त्यातच होते.

तुमच्या भागातल्या महाविद्यालयांत गेल्या वर्षी आपल्यापैकी कोण बोलायला गेले, त्यानंतर काय झाले, काय झाले नाही, हे आम्हाला लिहून पाठवा. विद्यार्थिनींनाही लिहायला सांगा, नाव न घालता लिहिले तरी चालेल. पुढच्या अंकात चार पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. त्या पानांवर संपादकीय कात्री चालणार नाही.